आबा आणि रक्त पिणारा सायब

आबा, पुस्तकातल्या त्या मधल्या बहिणीची काही चूक नव्हती. हे मी तुमच्या तोंडावर सांगायचे तेव्हा तुम्ही हात झटकून "गप ऱ्हव गो" म्हणायचात. परवा तुमचं तेरावं झालं. आता हात झटकायला तुम्ही नाही, तरी मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. बाहेर बर्फ पडतंय, दारात एक माणूस कुडकुडत उभा आहे, आणि घरात चूल पेटलेली आहे. बाईमाणूस काय म्हणणार? "या, आत या," असंच म्हणणार ना? तो माणूस नसून कधीचा मेलेला सायब आहे आणि आपल्या धाकट्या बहिणीचं रक्त प्यायला आलाय, हे तिला कुणी सांगितलं होतं?

त्या तेरा दिवसांत माणसं येऊन तुमच्याबद्दल बोलून गेली. गिरणीतली आली, गावची आली. कुणी तुमच्या शिस्तीचं सांगितलं, कुणी भजनातल्या आवाजाचं. सगळं खरंच होतं. पण या सायबाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं म्हणा. सासरा आणि सून रोज दुपारी रक्तपिशाचावरून भांडतात, असं घर अख्ख्या दहिसरात एकच असेल, आणि ते आपलं.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही नुकतेच गिरणीतून मोकळे झाला होतात. जन्मभर कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे तुम्ही "पाणी दी" म्हणालात तरी मला वाटायचं, मी काहीतरी सांडलं. माझं माहेर ठाकुरद्वारचं. आमच्याकडे भांडणंसुद्धा हळू आवाजात व्हायची. पहिले सहा महिने मी तुम्हाला घाबरून असायचे. मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पेपर दिसेनासा झाला, आणि तुम्ही एकदा दुपारी बाहेरच्या ओट्यावरून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणालात, "घरात शिकलेला माणूस आसा म्हणतत. माका कोण वाचून दाखवीत तर बरां."

मी काय समोर बसून वाचणार? सुनेनं सासऱ्यासमोर बसायची रीत नव्हती. मग तुम्ही बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून, आणि मी आत, दाराशेजारी खाली, अशी आपली बैठक ठरली. जेवणं आटपल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत वाचन. मला तुमचं तोंड दिसायचं नाही, फक्त विडी धरलेला हात दिसायचा. कथेत काही भयंकर झालं की तो हात मध्येच थांबायचा.

सुरुवातीला मी पोथी वाचायचे आणि तुम्ही घोरायचात. म्हणून मी बोरिवलीच्या लायब्ररीतून एका संताचं चरित्र मागवलं. त्या लायब्ररीत सगळ्या पुस्तकांना एकसारखा तपकिरी कागद घातलेला. देणाऱ्यानं चुकून भलतंच पुस्तक दिलं. मी भक्तिभावानं वाचायला लागले आणि तिसऱ्याच पानावर शवपेटीतलं मढं उठून बसलं. मी पुस्तक मिटलं. बाहेरून आवाज आला, "काय झाला? फुडे वाच." मी म्हटलं, "आबा, हे संताचं नाही." तुम्ही म्हणालात, "संत काय खंय पळान जाणा नाय. ह्या वाच."

तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. चांगली, वाईट, फाटकी, शेवटची पानं नसलेली, मराठीत उतरवलेली, कशीही. रक्त पिणारा असला म्हणजे झालं. त्याची नावं प्रत्येक पुस्तकात निराळी, पण तुम्ही त्या सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलंत, सायब. "आज सायब खंय पोचलो?" असं तुम्ही विचारायचात. शेजारच्या नलूताईंना वाटायचं, कुणीतरी ओळखीतला मोठा अधिकारी आहे.

तुमची मतं तरी काय एकेक. सायब आरशात दिसत नाही म्हटल्यावर तुमचा पहिला प्रश्न, "मगे दाढी कशी करता?" लसणीला घाबरतो म्हटल्यावर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. "आमच्या चाळीत तिसऱ्यांचा कालवण शिजता त्या दिवशी तो नदी वलांडूचो नाय," म्हणालात. सायब गढीत एकटा राहतो, गावातली माणसं त्याच्या नावानं थरथरतात, हे वाचलं तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. विडी विझवलीत आणि म्हणालात, "ह्यो आमचो खोतच. खोत दिवसाढवळ्या येय. ह्यो रात्री तरी येता." त्यानंतर बराच वेळ खोतांचंच पुराण झालं आणि सायब गढीत तसाच राहिला.

एका पुस्तकात सायब परमुलखात जायला निघतो तेव्हा गावची माती पेटीत भरून बरोबर नेतो. त्या मातीवर पाठ टेकल्याशिवाय त्याला झोप येत नाही. मला तो भाग किळसवाणा वाटला. तुम्ही म्हणालात, "हां. ह्या बरोबर लिवल्यान. तो चाकरमानीच." तुम्ही मुंबईला आलात तेव्हा ट्रंकेत काय आणलं होतं, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलंत. आईनं दिलेली कुळथाची पिठी संपली तरी तुम्ही ती रिकामी पिशवी धुतली नव्हती. मी आत बसून ऐकत होते आणि पदराला डोळे पुसत होते. तुम्हाला ते दिसत नव्हतं, म्हणून मला रडायला संकोच वाटला नाही.

आणि ते आईचं पुस्तक. बाळंतपणात गेलेली बाई रात्री मुलांना बघायला परत येते, खिडकीशी उभी राहते, आणि गावकरी तिच्या छातीत खुंटी ठोकायला निघतात. मी अर्ध्यावर आले होते. तुम्ही म्हणालात, "ह्या परत दी." मी म्हटलं, शेवट तरी ऐका. "नको. आवस इली तर येवं दी. तिका कित्याक मारतत?" सासूबाई गेल्या तेव्हा माझा धाकटा दीर वसंत दुपट्यातला होता, हे मला तोवर नुसतं माहीत होतं. त्या दुपारी ते कळलं.

वसंतचं नाव निघालं की तुमचा आवाज पडायचा. एवढा मोठा आवाज, पण धाकट्या मुलाच्या नावाला पडायचा. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला लागला, तिथेच शेजारच्या शेडमध्ये शर्टांना काजं-बटणं करणारी फिलोमिना त्याला भेटली. मरोळची, ख्रिश्चन. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि पेढे घेऊन दारात आले. तुम्ही ओट्यावर उभे राहून म्हणालात, "त्या चेडवाक घेवन ही पायरी चडा नको." तेव्हा मी नवी होते, आत भाकरी थापत होते. बाहेर पाहिलं तेव्हा दोघं नळाशी पोचली होती. वसंतही तुमचाच मुलगा. ती नाही तर मीही नाही, म्हणाला. पुढे हे, म्हणजे तुमचा थोरला, त्याला अंधेरीला जाऊन भेटून यायचे आणि घरी आल्यावर काही बोलायचे नाहीत. तुम्हीही विचारायचा नाहीत. फक्त हे अंधेरीहून आले की तुम्ही त्या दिवशी उशिरापर्यंत जागे असायचात.

म्हणून त्या मधल्या बहिणीवरून आपलं एवढं पेटायचं. बोलावल्याशिवाय सायब उंबरा ओलांडू शकत नाही, हा त्याचा नियम तुम्हाला फार आवडला होता. "वायट आसा पण रीतीचो आसा," म्हणायचात. आणि जिनं त्याला "या" म्हटलं, तीच गुन्हेगार. मी म्हणायचे, दारात उभ्या असलेल्याला आत घेणं हा गुन्हा कसा? तुम्ही म्हणायचात, परका तो परका. मी म्हणायचे, आणि आपला असला तर? की तुमची विडी विझायची, वारा नसताना.

मग ती क्रुसाची दुपार आली. पुस्तकात पाद्री क्रूस पुढे धरतो आणि सायब भिंतीला चिकटत चिकटत मागे सरतो. तुम्ही सरसावून बसलात. "क्रूस नसलो तर?" मी म्हटलं, आपण आपला अंगारा लावू, रवळनाथाचा. तर तुम्ही मला शहाणपण शिकवलंत. प्रत्येक देवाची शीव ठरलेली असते. गावच्या शिवेच्या आत गावच्या देवाचा हुकूम चालतो, पलीकडे दुसऱ्याचा. हे भूत आपल्या देवाला ओळखतच नाही, मग अंगाऱ्याला कशाला भीक घालेल? "ज्या देवाक तो भियता, तोच देव होयो," म्हणालात. आणि मग अगदी काळजीनं, "आपल्या घरात तसला काय आसा?"

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, "येणार होता की घरात. फिलोमिनाच्या गळ्यात आहे. तुम्हीच पायरीवरून परत पाठवलात."

मला वाटलं, आता वाट लागली, उद्या मला माहेरी धाडतात. तुम्ही उठलात, काठी घेतलीत आणि नदीच्या बाजूला निघून गेलात. संध्याकाळी जेवला नाहीत. पुढे किती तरी दिवस वाचन बंद. पुस्तक लायब्ररीला परत द्यायची वेळ आली, तरी तुम्ही ओट्यावर तसेच बसून. आणि मग एका दुपारी, मी तांदूळ निवडत असताना, भिंतीपलीकडून आवाज आला.

"खराच आसा ता?"

"काय, आबा?"

"गळ्यात. तिच्या."

"आहे. चांदीचा, बारीकसा."

बाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला. "चांदीचो चलता?"

मी आत तोंडात पदर कोंबला. म्हटलं, "पुस्तकात लिहिलंय, चांदीला तर तो जास्तच भितो." असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आबा. तुम्ही घसा खाकरलात. "मगे येवं दी एका आयतवारी. दोघांक. घराक बरां."

ह्यांना सांगितलं तर ह्यांचा विश्वास बसेना. मग हसत सुटले आणि तसेच हसत जाऊन वसंतला सांगून आले की बाबा भुताला घाबरलेत, फिलूचा क्रूस त्यांना घरात हवाय. तिथेच घोळ झाला. वसंतच्या मनाला ते फार लागलं. "म्हणजे मी नकोच आहे. ताईत हवाय, म्हणून बोलावताहेत," असं तो म्हणाला. तो यायलाच तयार नव्हता. फिलूनं त्याला ओढून आणलं.

त्या रविवारी मी सकाळपासून चुलीपुढे होते. बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. ती दोघं नळाकडून येताना दिसली आणि मी बघते तर काय, फिलूचा गळा मोकळा. साधी निळी साडी, कपाळाला टिकलीसुद्धा लावलेली, आणि गळ्यात काही नाही. सासऱ्याला खपणार नाही म्हणून बिचारीनं क्रूस घरी काढून ठेवला होता. ज्याच्यासाठी आमंत्रण, तेवढंच नेमकं वगळून आली होती. मी कपाळावर हात मारला. तिला खुणावू तरी कशी?

ती पायरीशी येऊन थांबली. वसंत तिच्यामागे, मान खाली. चाळीतली सगळी दारं उघडी आणि सगळ्या दारांत माणसं. तुम्हाला धूसर दिसत होतं, कोण किती जवळ आहे याचा अंदाज यायचा नाही. तुम्ही भिंतीला धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "ये गो बाय. भुतूर ये. दारात उभी ऱ्हवा नको." तुमचा तो आवाज तुम्ही किती हळू करू शकता, हे मला त्या दिवशी कळलं.

ती पाया पडली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, मग चाचपत चाचपत गळ्याशी नेलात. "खंय तो?" म्हणालात.

फिलू घाबरली. "काढून ठेवलाय, आबा. तुम्हाला राग येईल म्हणून."

तुम्ही हात मागे घेतलात. मग म्हणालात, "मगे फुडल्या आयतवारी घालून ये."

मी हे ऐकलं आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. पुढल्या रविवारी ये, म्हणजे पुन्हा ये. याहून जास्त तुमच्या तोंडून काय निघणार होतं? पण वसंतनं तेच वाक्य ऐकलं आणि त्याला दुसरंच ऐकू आलं. त्याच्या मते तुम्ही फक्त क्रुसाची चौकशी केलीत. मुलाला "कसा आसस" म्हणूनसुद्धा विचारलं नाहीत. आणि खरं सांगायचं तर, नाहीच विचारलंत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

फिलू दर रविवारी येत राहिली, क्रूस घालून. तुमच्याशी तिचं असं जमलं की मला हेवा वाटायचा. तुम्हाला ती आमच्या सायबाची चेष्टा करू द्यायची नाही, कारण तिला खरोखरच भीती वाटायची. तुम्ही तिला मुद्दाम घाबरवायचात. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून ती तुमच्या मागे लागायची आणि तुम्ही टाळायचात. डॉक्टरवर विश्वास नाही म्हणायचात. मला मात्र वाटतं, आबा, की दिसायला लागलं असतं तर दुपारचं वाचन बंद पडलं असतं, म्हणून तुम्ही टाळत राहिलात. मी हे कधी विचारलं नाही. माझ्यासाठी दुपारी थांबलेला माणूस माहेरीसुद्धा कुणी नव्हता. तुमच्यामुळे मी या घरात बोलायला शिकले, भांडायला शिकले. हे तुम्हाला एकदा सांगायचं राहिलं.

शेवटी छातीतल्या कापसानं तुम्हाला धरलं. साच्यावरची बहुतेक माणसं त्यानंच जातात. श्वास पुरेनासा झाला, आवाज गेला. फिलू रजा टाकून तुमच्याजवळ बसायची, मी स्वैपाकपाणी बघायचे. आत काय बोलणं चालायचं, ते मला ऐकू यायचं नाही.

परवा दुपारी पंगती उठल्या, माणसं पांगली. आम्ही चौघं ओट्यावर टेकलो होतो. ह्यांनी सहज सायबाचा विषय काढला. बाबा कसे घाबरले होते, चांदीचा चालतो का विचारत होते, वगैरे. मी हसले. वसंत हसला नाही. म्हणाला, "तुम्ही हसा. मला बाबांनी कधी बोलावलंच नाही. एवढी वर्षं मी हिच्या क्रुसाबरोबर येत होतो."

मी काहीतरी समजूत घालायला लागले, तर फिलूनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, थांबा जरा. आबांनी मला शपथ घातली होती. तेरावं होईस्तोवर पाळली." मग ती वसंतकडे वळली. "ते आजारी होते ना, तेव्हा मी माझा क्रूस काढून त्यांच्या उशाखाली ठेवायला गेले. म्हटलं, तुम्हाला त्या सायबाची भीती वाटते, राहू दे इथे. तर हसले. बोलले, 'सायब-बियब काय नाय गो. माका काय येड लागला? पुस्तकातलो तो.' मी बोलले, मग तेव्हा आम्हाला का बोलावलंत? तर डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले. मग बोलले, 'झीलाक, वसंताक, बोलवूक माझी जीभ उचलत नाय होती. काय तरी निमित्त होया होता. त्या दुपारी मोठ्या सुनेन हातात दिल्यान.'"

वसंत तिच्याकडे बघतच राहिला.

"मग मी बोलले, हे त्यांना स्वतः सांगा," फिलू म्हणाली. "तर बोलले, 'आता दम पुराचो नाय. तूच सांग, माझ्या मागे. पण मोठयेक कळू दी नको. ती जिकली म्हणान गावभर सांगत फिरतली.'"

सांगणारच, आबा. जिंकले मी. गावभर सांगणार. पण तुम्ही समोर नसताना जिंकण्यात राम नाही, हेही सांगून ठेवते.

एवढी वर्षं वसंत या घरात यायचा तो पाहुण्यासारखा. दारालगतच्या खुर्चीच्या टोकावर बसायचा, चहा हातात दिला तर घ्यायचा, चप्पल पायाच्या अंतरावर ठेवायचा. परवा तो उठला, आत गेला. मडक्यातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्यायला. तुमची वळकटी आम्ही कोपऱ्यात बांधून ठेवली होती, ती त्यानं सोडली, तुमच्या जागेवर पसरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. थोड्या वेळानं मी डोकावले तर गाढ झोपला होता, उताणा, हातपाय चारी दिशांना टाकून.

नळाला पाणी आलं. चाळीत हंडे-कळशांचा गोंधळ सुरू झाला. फिलू म्हणाली, "उठवू का ताई, मरोळला घरी पोचायला उशीर होईल." मी म्हटलं, "झोपू दे गं. आपल्याच घरात आहे." आणि दार जरासं लोटून घेतलं.